प्रतिज्ञेतला ‘मी’ कोण?

सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांनी शाळेत शिकवलंय त्यांना हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. माझ्या चौथीच्या वर्गात फळ्यावर मराठी, पुस्तकात मराठी आणि मी बोलते तेही मराठी. बाकांवर मात्र तेलुगू, कानडी, दखनी (इथली उर्दू) आणि आमची ‘काय बे’वाली सोलापुरी मराठी, सगळं एकाच वेळी चालू असतं. बहुतेकांच्या घराशेजारी, नाहीतर घरातच यंत्रमाग. त्या खडखडाटात वाढलेल्या पोरांना हळू बोलणं जमतच नाही. गुपितसुद्धा ओरडून सांगतात.

या वर्गात रोज परिपाठाला हात पुढे करून आम्ही म्हणतो, ‘भारत माझा देश आहे. सारे भारतीय माझे बांधव आहेत.’ मॉनिटर एक वाक्य म्हणतो, वर्ग ते त्याच्यामागून म्हणतो. यंदा शाळा सुरू झाल्यावर मी सहज विचारलं, की प्रतिज्ञेत हे ‘माझा’, ‘माझे’, ‘मी’ येतं, तो मी कोण? दुसऱ्या बाकावरच्या मुलीनं लगेच उत्तर दिलं, “मॉनिटर.” कुणीही हसलं नाही. सगळ्यांना ते पटलेलंच होतं. देश मॉनिटरचा, बांधव त्याचे, परंपरांचा अभिमानही त्यालाच. बाकीच्यांनी फक्त मागून म्हणायचं.

(मुलांची नावं या ब्लॉगवर लिहायची नाहीत हा माझा जुना नियम. त्यामुळे सगळे ‘दुसऱ्या बाकावरची’ आणि ‘खिडकीजवळचा’ असेच येतील. नावाविषयीच्या लेखात एकाचंही नाव नाही, त्याला इलाज नाही.)

एरवी आमचा क्रम ठरलेला असतो. आधी झेंडा, राष्ट्रगीत, राष्ट्रीय पक्षी, राष्ट्रीय फूल. मग १५ ऑगस्टचं भाषण. ‘माझी ओळख’ हा प्रकार पाच ओळींत उरकतो: माझे नाव अमुक, मी अमुक शाळेत शिकतो, मला आंबा आवडतो. यंदा मी उलटं केलं. महिनाभर झेंड्याचं नाव काढलं नाही, फक्त ‘मी’. मोर राष्ट्रीय पक्षी आहे हे पोराला पाठ असतं, पण वर्षभर ज्याच्या मांडीला मांडी लावून बसतो त्याची आई दिवसभर काय करते हे त्याला ठाऊक नसतं. असल्या वर्गाकडून ‘सारे भारतीय’ म्हणवून घेण्यात काय अर्थ आहे?

प्रत्येकाला एकेक कोरा कागद दिला आणि प्रश्न ठेवले. तुझं नाव कुणी ठेवलं? घरी काय हाक मारतात? घरी कुठली भाषा बोलता? तुला असं काय येतं जे मॅडमना येत नाही?

भाषेच्या प्रश्नाला झाडून सगळ्यांनी ‘मराठी’ लिहिलं. ज्या मुलीची आई पालकसभेत माझ्याशी बोलताना शेजारणीला मध्ये घेते, तिनंही. शाळेत विचारलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर मराठीच असणार, असा साधा हिशेब. मग मी प्रश्न बदलला: आजी चिडली की कुठल्या भाषेत ओरडते? मग काय, वर्ग फुटला. तेलुगू आजी, कानडी आजी, दखनीतली दादी, आणि एक माढ्याकडची आजी जी मराठीतच ओरडते, पण ते मराठी इथं लिहिण्याजोगं नाही. खिडकीजवळचा मुलगा तेवढा गप्प होता. त्याचं घर तांड्यावरचं. त्याची आजी लमाणीत ओरडते, हे त्यानं मधल्या सुट्टीत एकट्यानं येऊन सांगितलं.

शेवटच्या प्रश्नाची उत्तरं मी जपून ठेवली आहेत. मला मागाच्या सुताच्या कांड्या भरता येतात. मला विडीला दोरा गुंडाळता येतो. मला कडक भाकरी करता येते, पण तव्यावर आई टाकते. मला गड्डा यात्रेतल्या नंदीध्वजाची मिरवणूक कुठल्या रस्त्यानं जाते ते डोळे मिटून सांगता येतं. मला झोपलेल्या बाळाला न उठवता घरातून बाहेर पडता येतं. यातलं मला खरंच काहीही येत नाही. कांड्या आणि विडीवाल्या पोरांच्या घरी मात्र मी जाऊन आले. अंगण झाडावं तितपत मदत वेगळी आणि रात्री अकरापर्यंत बसणं वेगळं. एका घरी ते दुसरंच होतं. तिथं बोलणं चालू आहे, त्याविषयी इथं जास्त लिहीत नाही.

शाळेला पोराची ओळख कशी हवी असते ते जनरल रजिस्टर उघडलं की कळतं. नाव, धर्म, जात, मातृभाषा, जन्मस्थळ, जन्मतारीख. त्यात आता आधार आणि वर ‘अपार’ हा विद्यार्थ्याचा बारा आकडी ओळख क्रमांक. तेलुगू घरांत आडनाव आधी लावायची रीत. एका कागदावर आडनाव पुढे, दुसऱ्यावर मागे, आणि संगणकाला दोन्ही जुळायला हवेत. पोर एकच, पण पोर्टलच्या मते दोन. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव बापाच्या आधी येणार आहे. ती पोरं माझ्या वर्गात येतील तेव्हा मी निवृत्तीला टेकलेली असेन, पण ते रजिस्टर बघायला मला आवडेल. मातृभाषेच्या रकान्यात मात्र वर्षानुवर्षं कुणीतरी झरझर ‘मराठी’ लिहीत आलंय, आणि त्यावर कुणाचं काही अडत नाही.

पहिलीपासून तिसरी भाषा आणायची की नाही यावरून २०२५ मध्ये राज्यभर रणकंदन झालं, शासन निर्णय निघाला आणि मागेही घेतला गेला. आमच्या स्टाफरूममध्येही जोरात चर्चा झाली. बाहेर व्हरांड्यात तेव्हा दोन पोरं गोट्यांवरून चार भाषांत भांडत होती.

तर प्रतिज्ञा. ती मुळात तेलुगूत लिहिली गेली, ही गोष्ट मी पोरांना जुलैमध्ये सांगितली. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव हे आंध्रात सरकारी कोषागारात अधिकारी होते, मूळचे नलगोंडा जिल्ह्यातले. विशाखापट्टणमला नोकरीवर असताना, १९६२ साली, त्यांनी ती लिहिली. पुढच्या वर्षी तिथल्या शाळेत ती म्हटली गेली आणि १९६५ च्या प्रजासत्ताक दिनापासून देशभरातल्या शाळांत. आपल्या पुस्तकांच्या पहिल्या पानांवर प्रतिज्ञा असते, लिहिणाऱ्याचं नाव नसतं. पोरांना हे अजिबात रुचलं नाही. वहीवर नाव नसलं की मॅडम रागावतात, मग यांचं नाव कुणी घातलं नाही?

पण खरी खळबळ उडाली ती नलगोंडा या नावानं. आमच्याकडच्या पद्मशाली विणकर घरांपैकी कितीतरी घरं तीन-चार पिढ्यांपूर्वी तेलंगणातूनच मागावर काम करायला सोलापुरात आली. करीमनगर, वरंगल, नलगोंडा ही नावं पोरांनी घरात ऐकलेली असतात, लग्नाच्या नाहीतर भावकीतल्या भांडणाच्या संदर्भात. दुसऱ्या बाकावरची, ‘मॉनिटर’वाली, उभी राहून म्हणाली, “आमची नानम्मा तिथलीच की.” दुसऱ्या दिवशी ती काहीतरी पुटपुटत आली. आजीला लिहिता-वाचता येत नाही. काकानं मोबाइलवर मूळ प्रतिज्ञा शोधून वाचून दाखवली होती आणि या पोरीनं ती ऐकून ऐकून अर्धी पाठ केली होती. ‘भारतदेशं ना मातृभूमि. भारतीयुलंदरू ना सहोदरुलु.’ परिपाठात ती पुढे आली, हात पुढे केला आणि म्हटली. पहिल्या दोन वाक्यांनंतर अडखळली, तर मागून पाच-सहा आवाज आले. आपण घरी तेलुगू बोलतो हे ज्यांनी महिन्याभरापूर्वी कागदावर लपवलं होतं, तेच आवाज.

त्यानंतर कानडीवाल्यांना चैन कुठलं पडायला? अक्कलकोटकडच्या एका आजोबांनी कानडी प्रतिज्ञा लिहून पाठवली. उर्दू आम्हाला जवळच्याच उर्दू शाळेतल्या बाईंनी देवनागरीत काढून दिली. आता सोमवारी मराठी आणि इतर वारी पाळी. मॉनिटरही पाळीनं. वरिष्ठांपैकी एकांनी विचारलं, की याला परवानगी घेतली का? मी म्हटलं, सर, भारत माझा देश आहे असं म्हणायलाच ना? त्यांनी विषय बदलला.

एक मनातलं बोलून टाकते. गॅदरिंगला होतो तो ‘विविधतेत एकता’चा कार्यक्रम मला बघवत नाही. भाड्यानं आणलेला फेटा घातलेला एक पंजाबी, एक काश्मिरी, टिपऱ्या घेतलेली एक गुजराती. गुजराती झालेली मुलगी प्रत्यक्षात तेलुगू असते. तिच्या घरी नवरात्रात फुलांची बतुकम्मा रचतात, तिची आई-मावशी तिच्याभोवती फेर धरून गाणी म्हणतात, आणि हे वर्गातल्या कुणालाही माहीत नसतं. नारळी पौर्णिमेला पद्मशालींच्या मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा अर्धा वर्ग गैरहजर आणि उरलेला अर्धा ‘हे कुठं गेले बे?’ म्हणून विचारतो. विविधता शोधायला फेटेवाल्याकडे कशाला जायचं? ती हजेरीपटावरच आहे.

आता हुतात्म्यांचं. हा भाग लांबणार.

सोलापूरच्या लहान पोराला ‘हुतात्मा’ म्हणजे काय विचारा. माझ्या वर्गात मिळालेलं पहिलं उत्तर, “पुण्याची गाडी.” चूकही नाही. हुतात्मा एक्सप्रेसचं नाव त्या चौघांवरूनच आहे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींना अटक झाल्यावर सोलापूर पेटलं. गिरण्या बंद पडल्या, लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला, काही दिवस इंग्रजांचा अंमल शहरात नावालाही उरला नाही. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला. तोच तो सोलापूरचा मार्शल लॉ. तिरंगा आणि गांधी टोपी या दोन्हींवर तेव्हा सोजिरांचा डोळा असे. पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली.

दरवर्षी १२ जानेवारीला शाळेत नाटुकलं होतं. आणि दरवर्षी पात्रं कशी वाटली जातात? आडनाव बघून. लिंगायत घरातला धनशेट्टी, मारवाड्याचा कुणी असला तर सारडा, मराठ्याचा शिंदे, मुसलमान पोरगा कुर्बान हुसेन. कुणी असं ठरवलेलं नसतं, पोरंच एकमेकांना सांगतात, “तू हो बे, तुमच्यातला हाय तो.” चार धर्म-जातींचे चार जण एका दोरीवर गेले ही एकीची गोष्ट आपण अभिमानानं सांगतो, आणि तीच गोष्ट बसवताना पोरांना चार कप्प्यांत उभं करतो. यंदा मी चिठ्ठ्या टाकल्या.

कुर्बान हुसेन निघाला तो बाळीवेशीकडच्या एका लिंगायत घरातल्या मुलाला. धनशेट्टी आला मागच्या बाकावरच्या मुसलमान मुलाकडे. सारडा एका मुलीला निघाला, तिनं पहिला प्रश्न विचारला, की मिशी काढावी लागेल का. शिंदे आमच्या मॉनिटरला. त्याला काहीतरी मिळणारच.

दुसऱ्या दिवशी कुर्बान हुसेनचे आजोबा दारात. गिरणीतून निवृत्त झालेले, पांढरा शर्ट, कपाळाला विभूती.

“मॅडम, आमचं पोरगं धनशेट्टी व्हायला पायजे होतं.”

“बसा की आजोबा. चिठ्ठी निघाली त्याची.”

“चिठ्ठीचं काय घिऊन बसलाव? आमच्यातला माणूस हाय तो. पोराला लहानपणापासून पुतळा दाखवतो मी.”

“पुतळे चार आहेत ना तिथं? बाकी तिघं कोण म्हणून सांगता त्याला?”

ते जरा थांबले. मग म्हणाले, “सांगतो की. कुर्बान हुसेन म्हणजे पेपर काढायचा. गिरणी कामगारांच्या बाजूनं बोलायचा. आमचे वडील तेव्हा पोरसवदा, पण नाव काढायचे त्याचं.” आणि मग पाऊण तास ते बोलत राहिले. गिरणीचा भोंगा, भोंग्यावर चालणारं अख्खं गाव, वडिलांनी सांगितलेली टोपी काढून शर्टाच्या आत कोंबायची गोष्ट. मी पोरांना आत बोलावलं आणि गणिताचा तास त्यांना देऊन टाकला. जाताना मात्र त्यांनी ठणकावलं, “पुढच्या वर्षी चिठ्ठी नीट टाका.” मत बदललं नाही त्यांचं. नातू कुर्बान हुसेन झाला तेव्हा पहिल्या रांगेत बसून मोबाइलवर शूटिंग मात्र केलं.

नाटकात मी कुणाच्याही तोंडी बनवलेली वाक्यं घातली नाहीत. फाशीच्या आधी हे काय म्हणाले असतील, असं धनशेट्टी झालेल्या मुलानं तीन-तीनदा विचारलं. मी म्हटलं, आपल्याला जेवढं माहीत आहे तेवढंच बोलायचं. मोठमोठे संवाद लिहून हुतात्म्यांना आपल्या सोयीचं बोलायला लावणारे बरेच आहेत, त्यात चौथीची भर नको. मग प्रत्येकानं ‘मी मल्लप्पा धनशेट्टी’ असं स्वतःचं नाव सांगायचं, माहीत असलेलं दोन-चार वाक्यांत सांगायचं आणि शेवटी ‘१२ जानेवारी १९३१, येरवडा’ म्हणून शेजारच्याचा हात धरायचा. पाच मिनिटांत नाटक संपलं. पोशाखाचा खर्च शून्य. सिद्धेश्वराची गड्डा यात्रा तोंडावर आलेली, घराघरांत बाराबंद्या (यात्रेत घालायचे पांढरे अंगरखे) धुऊन इस्त्री करून ठेवलेल्या, त्याच चौघांनी चढवल्या. धनशेट्टीला बाराबंदी कुर्बान हुसेनच्या चुलत भावाची आली, जरा सैल होती.

त्याच आठवड्यात एका मुलीनं विचारलं, “मॅडम, इंग्रजांनी चार जण असे वेगवेगळ्या जातीचे मुद्दाम निवडले का?” हा प्रश्न मोठ्यांपैकी कुणी मला आजवर विचारलेला नाही. मी तिला म्हटलं, लोक ज्यांचं ऐकतात अशी माणसं त्यांनी उचलली. आता लोक कुणाचं ऐकत होते ते तूच बघ. ती विचार करत बाकावर गेली.

डॉ. कोटणीसांवर आमचा एकच तास झाला. १९१० साली सोलापुरात जन्मलेला माणूस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला जातो, युद्धातल्या जखमींवर उपचार करतो, तिथंच लग्न करतो, १९४२ मध्ये तिथंच मरतो. वर्गाचं म्हणणं पडलं, की मग ते भारताचे की चीनचे? अर्ध्यांनी हात इकडे केले, अर्ध्यांनी तिकडे. “सोलापूरचे,” असं मॉनिटर म्हणाला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

झेंड्याचा तास ऑगस्टमध्ये झाला, आणि तो मी घेतलाच नाही. ‘हर घर तिरंगा’साठी एका मुलानं नवा झेंडा आणला. त्याच्या शेजारच्यानं कापड दोन बोटांत चोळून बघितलं आणि जाहीर केलं, “पॉलिस्टर हाय बे.” याचे वडील लूम चालवतात. मग चर्चा पेटली. पूर्वी झेंडा हातकताईच्या, हातविणीच्या खादीचाच असायला हवा असा नियम होता. डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहिता बदलली, तेव्हापासून यंत्रावर विणलेला आणि पॉलिस्टरचाही चालतो. खादीचे झेंडे हुबळीजवळ बेंगेरीला होतात, आपल्या नांदेडलाही होतात, हे मी सांगितलं. हुबळी म्हटल्यावर कानडी बाजूनं माना ताठ झाल्या.

पण लूमवाल्याच्या पोराला त्यात रस नव्हता. त्याचा प्रश्न होता, “मग आता आमच्या लूमवर झेंडा निघेल का?” लांबी-रुंदीचं प्रमाण तीनास दोन असतं एवढं मी सांगितलं. त्यानं पाटीवर हिशेब मांडला: पन्हा साठ इंची धरला तर लांबी नव्वद. भागाकार त्याला येत नाही म्हणून पहिल्या चाचणीत मी त्याला बसवून शिकवत होते. चक्राच्या चोवीस आऱ्या विणायच्या की छापायच्या, यावर मागच्या बाकांवर बराच वेळ खल झाला. जकार्डवर निघेल, असं एकीचं मत पडलं, चादरीवर मोर निघतो तसा. ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे की नाही हे त्या पोरांनाच विचारा.

संविधानाची उद्देशिका भिंतीवर आहे, रोज वाचतोही. न्याय, स्वातंत्र्य, समानता, बंधुता. ‘समानता’ला मी खिचडीपासून सुरुवात केली, कारण त्यावर पोरांचं आधीच ठाम मत होतं. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे शंभर ग्रॅम धान्य, सहावी ते आठवीला दीडशे. आमच्या पोरांच्या मते हा सरळ अन्याय. “भूक आम्हालाबी तेवढीच लागती.” मी सातवीतल्या दोघांना वर्गात बोलावून त्यांच्या शेजारी आमचे दोघे उभे केले. तरी निम्म्यांना पटलं नाही. मग एक बारकी पोरगी, जिचं ताट रोज अर्धं उरतं, ती म्हणाली, की मला शंभर ग्रॅमही जास्त होतं, माझं हिला द्या. तिथून गाडी ‘सगळ्यांना सारखं’वरून ‘ज्याला जेवढं लागतं तेवढं’वर आली. दोन्ही बाजू शेवटपर्यंत हटल्या नाहीत. मीही निकाल दिला नाही. मोठ्या माणसांच्या देशात तो अजून लागलेला नाही.

नोव्हेंबरात संविधान दिनाच्या आधी वर्गाची उद्देशिका लिहायला घेतली. ‘आम्ही, चौथीचे विद्यार्थी’ अशी सुरुवात. कलमं पोरांची. घंटा द्यायची पाळी हजेरी क्रमांकानं, उंचीनं नाही. हात पुरत नसेल त्याला स्टूल. डबा विचारून घ्यायचा, पळवायचा नाही. ‘गप बे’ म्हणायचं नाही, ‘थांब जरा’ म्हणायचं (हे कलम रोज मोडतं). कुणी आपल्या भाषेत बोललं तर त्याची नक्कल करायची नाही. आणि एक कलम सगळ्यात शेवटी आलं, तेही तोंडी नाही, चिठ्ठीवर लिहून माझ्या टेबलावर ठेवलेलं: कोणाच्या कपड्याला तंबाखूचा वास आला तर बाक बदलायचा नाही. अक्षर मी ओळखलं. तिची आई दिवसभर विड्या वळते. मी ते कलम कुणाचं हे न सांगता वाचून दाखवलं आणि मताला टाकलं. हात वर झाले. दोघांनी नाही केले, त्यांना का म्हणून विचारलं, तर एक म्हणाला, “मला वासानं खोकला येतो खरंच.” मग पोटकलम लिहिलं: खोकला येत असेल तर मॅडमना सांगून जागा बदलावी, नाक धरू नये. घटना समितीतही असंच झालं असेल, अशी माझी समजूत करून घेतली.

आता राहिलाय तो खिडकीजवळचा. भिंतीवर चार भाषांतल्या प्रतिज्ञा लागल्यापासून तो अस्वस्थ आहे. लमाणीतली कुठं लिहिलेली त्याला सापडली नाही. मावशीकडे राहतो, मावशीची पोरं आता मराठीच बोलतात. त्याचं म्हणणं, आजी सांगेल, तिला सगळं येतं. पण आजी-आजोबा ऊसतोडीला गेलेत आणि फडात फोन लागला तरी आजीला प्रतिज्ञा ऐकवून तिचं म्हणणं लिहून घेण्याएवढा वेळ कुणाकडे असतो? कारखान्याचा पट्टा पडायला, म्हणजे हंगाम संपायला, अजून महिना-दीड महिना आहे. तोवर त्यानं पाचव्या चौकटीत पेन्सिलीनं स्वतःचं नाव आणि तांड्याचं नाव लिहून जागा धरून ठेवली आहे. वार्षिक परीक्षेच्या आधी आजी आली तर त्या आठवड्याची मॉनिटरकी त्याची, असं वर्गानं ठरवलंय. वाचकांत कुणी गोरमाटी, म्हणजे लमाणी, बोलणारं असेल तर मला मदत चालेल, पण त्यानं बजावून ठेवलंय, आधी आजीला विचारायचं.